न खाजणारी कातडी

"सुनंदा झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही," भावोजींचा फोन आला, तेव्हा रडू फुटायच्या आधी मला संशय आला. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण तसं झालं खरं. सुनंदा माझी थोरली बहीण. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये तिचा त्वचारोगांचा दवाखाना होता. 'काही त्रास नाही' म्हणणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हे तिनंच मला शिकवलं. तिला जाऊन महिना होत आला. सुरुवातीचे दिवस तर तो संशय माझा पिच्छाच सोडत नव्हता...

आमचं माहेर अंबरनाथचं, वडील कारखान्यात अधिकारी. लग्न होऊन मी खरवईला आले ती थेट म्हशींच्या गोठ्यात. तिथल्या गोचिडींनी सासूबाईंना हैराण केलं होतं. एखादी चिकटली की त्यांचा हात लालबुंद व्हायचा, आग आग व्हायची आणि त्या तिला उदबत्तीचा चटका द्यायच्या. मला मात्र कधी साधी खाजही आली नाही. "हिला गोचीड लागत नाय, रगत कडू हाय हिचं," असं त्या कौतुकानं गावभर सांगायच्या. मीही फुशारून जायचे.

ताई आमच्याकडे खरवईला आली तेव्हा हे कौतुक मी तिला ऐकवलं, तर हातातला चहा खाली ठेवून ती म्हणाली, "पाय दाखव." गुडघ्यामागच्या घडीत एक गोचीड वाटाण्याएवढी फुगून निवांत बसलेली. ताईनं चिमट्यानं ती कातडीलगत धरली आणि सरळ ओढून काढली. मला शिसारी आली. सासूबाई शेजारीच होत्या. ताई त्यांना म्हणाली, "आई, तुमची कातडी शहाणी झालीय. इतक्यांदा चावून घेतलंय की ती गोचिडीची लाळ ओळखते. लाळ लागली की लगेच आरडाओरडा करते, तीच ही खाज. हिची कातडी नवखी. त्या लाळेत बधिर करणारं, सूज दाबणारं बरंच काही असतं. हिला पत्ताच लागत नाही, आणि गोचीड जितकी जास्त वेळ चिकटून राहील तितका तापाचा धोका जास्त."

"म्हंजे मना खाज सुटते ती बरी?" सासूबाईंनी विचारलं.

"बरीच. फक्त ती उदबत्ती बंद करा. चटक्यानं गोचीड उलट जास्त लाळ सोडते."

तेव्हापासून मला जाणवत गेलं, की ताईचा संशय नेहमी शांततेवर असायचा. खाजवत, बोंबलत येणाऱ्यांना ती हसत हसत औषध द्यायची. एकदा माझ्यासमोरच कॅम्प दोनचे एक कापडवाले सिंधी शेठ म्हणाले, "डॉक्टरसाब, दाग है, पर दर्द बिलकुल नहीं." ते उठायला लागले होते. "इसीलिए बैठिए," ताई म्हणाली आणि टाचणी घेऊन त्या डागाची संवेदना तपासू लागली; बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो.

गेल्या दिवाळीत ती फार वाळलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, डाएट. पुन्हा विचारलं तर हसून म्हणाली, "मलाच शिकवतेस होय गं?" आणि माझ्या ताटात करंजी वाढली. स्वतः एकही खाल्ली नाही. मी ते पाहिलं होतं...

पंधरवड्यापूर्वी दवाखाना आवरायला गेले, तेव्हा भावोजींना सरळच विचारलं, "तिला माहीत होतं?"

तिच्या कोटाची घडी घालत ते म्हणाले, "पावसाळ्यापासून. पोटात गाठ होती. दुखायचं खूप. तू येणार असलीस की आधी गोळी घेऊन बसायची. म्हणायची, धाकटी माझ्यासारखीच संशयी झालीय, तिला कळेल."

मला तिचा राग आला, अजूनही येतो. गोचिडीच्या ज्या युक्तीपासून तिनं मला सावध केलं, तीच तिनं माझ्यावर वापरली. आणि मी फसले, कारण ती माझी ताई होती.

कातडी तपासायचा तिचा भिंगाचा दिवा भावोजींनी मला दिला. तो मी आमच्या ओटीवर लावलाय. संध्याकाळी सासूबाई त्याच्यासमोर पाय पसरून बसतात आणि कंबर, गुडघे, टाचा, काय काय दुखतं ते सगळं सांगत सुटतात. पूर्वी मला याचा वैताग यायचा. आता मी शेवटपर्यंत ऐकून घेते. एखाद्या दिवशी त्या गप्प बसल्या, तर हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसते.