नारायणगावच्या राहुटीत एक खेळवाला

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून नारायणगावला उतरलो. बघतो तर राहुट्यांची (तमाशाच्या फडांचे बुकिंगचे तंबू) रांगच रांग! गावोगावच्या जत्रा कमिट्या इथं फड ठरवायला येतात. मित्राचे वडील बाबूराव हे डिंगोऱ्याच्या कमिटीतले. त्यांच्याबरोबर मी आपला गंमत बघायला आलो होतो.

पहिल्याच राहुटीत फडाच्या मालकीण कमळाबाईंनी गरमागरम भजी पुढं केली. बाबूरावांनी माझी ओळख करून दिली, "ह्ये पावणं पुण्यात खेळ बनवत्यात."

झालं! बाई एकदम सावध. "कोणचा फड तुमचा? गाड्या किती?"

मला हसता हसता ठसका लागला. म्हटलं, "बाई, माझा खेळ कॉम्प्युटरवरचा. परदेशातल्या जुगाराच्या साइटवर चालतो. साइटवाला स्वतः खेळ बनवत नाही. आमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांचे खेळ एका पानावर मांडतो. ज्याच्या खेळावर गल्ला जास्त, त्याला वाटा जास्त. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, तो पानाच्या तळाला."

"म्हंजे जत्रा एक आन् फड लई," बाई म्हणाल्या. "आमचंबी तसंच की वो. अवंदा दोन गावं हातची गेली. डिंगोरंबी गेलं तर फड मोडावा लागंल."

हे ऐकूनही बाबूराव शेजारच्या राहुटीत गेले आणि तिथंच सुपारी (खेळाचा करार) देऊन आले. म्हणे, तिथं सिनेमाची गाणी जास्त. बाईंचा चेहरा उतरला. मला बाबूरावांचा असा राग आला!

तेवढ्यात शेजारचा मालक स्वतःच आला. "बाई, आत्ताच फोन आला. आमच्या ढोलकीवाल्याचा हात मोडलाय."

"मग कमळाबाई, तुमीच या," बाबूराव लगेच म्हणाले.

सुटली बिचारी, असं मला वाटलं. पण बाई उसळल्या. "असं कसं? सुपारी त्यांची हाय. माझा ढोलकीवाला न्यावा त्यांनी. एका फडाचा खेळ पडला की गाव समद्यांनाच नावं ठिवतंय. मग तमाशा बंद, आन् पिक्चरचा पडदा!"

काय बाई आहे ही! आमच्या धंद्यात दुसऱ्याचा खेळ बंद पडला की आम्ही पेढे वाटायचो.

जीपनं परत निघालो. द्राक्षांचे मळे मागं पडत होते. आळेफाट्याच्या अलीकडं ते एकदम ड्रायव्हरला म्हणाले, "जत्रंच्या दुसऱ्या रातीला आपन पडदाच लावनार व्हतो, राव. न्हाई लावायचा. वळव गाडी, बाईंना सुपारी देऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एसटीत बसलो तरी मन तिथंच होतं. फड दोन, रात्री दोन, आणि दोन्ही रात्री डिंगोऱ्यात एकच ढोलकी वाजणार होती.