गंगूआक्काच्या बाभळी

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांना आकडी न लावणारी बाई आमच्या कवठ्यात एकच, माझी बांधशेजारीण गंगूआक्का. आम्ही बाकीच्या बायका आकडीच्या काठीनं शेंगा झोडून शेरडांसाठी पोती भरून ठेवायचो. आक्काच्या शेळ्यांना मात्र खाली पडेल तेवढंच. "समद्या आपुनच वरबाडल्यावर भिवामामाच्या मेंढरांनी काय खावं?" म्हणायची.

भिवामामा धनगर चैत्रात कोकणातून माघारी फिरला की आमच्या शिवारात उतरायचा. ज्याच्या रानात त्याची मेंढरं रात्री बसतील, त्याच्या बाजरीला लेंडीखताचा जोर. कळप एक, रानं ढीगभर, आणि मामा दरवर्षी पहिला आक्काकडे! तिची बाजरी पुरुषभर उंच, माझी पिवळी, गुडघ्याएवढी. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. आक्का हसून बोलली की आणखीच.

ब्याण्णवच्या आसपास मी हट्टालाच पेटले. मामाला बोलावून पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. मामा ढेकर देऊन उठला आणि मेंढरं घेऊन निघाला थेट आक्काच्या रानाकडं!

"अवो मामा, खाल्ल्याला तरी जागा!" मी ओरडले.

"पोळी म्या खाल्ली, सूनबाई. मेंढरांनी काय खावं? बांधावर काडी न्हाई ठिवली तुम्ही."

आक्का पलीकडून ऐकत होती. "मामा, दिवसा माझ्यात चारा, रातीला हिच्यात बसवा," ती म्हणाली. "लेकरंबाळं हायेत तिला. मी एकटी किती खाणार?"

त्या वर्षी माझी बाजरी तरारली. पण गावभर बोलणं काय, तर "गंगूआक्कानं पिकवून दिली." असा संताप आला! उपकार करूनसुद्धा बाईनं मलाच हरवलं. तिला त्याचं काही नव्हतं. कणसं हातात धरून "बघ की, कशी भरल्यात," म्हणत राहिली.

आक्का गेली तेव्हा मी रडले, खोटं नाही. पुतण्यानं महिन्याभरात तिच्या बाभळी तोडून विकल्या. पण मेंढरांच्या लेंड्यांतून आलेलं त्याच बाभळींचं बी माझ्या बांधावर उगवलं होतं. का कोण जाणे, मी ती रोपं उपटली नाहीत. कळशीनं पाणी घातलं, शेरडांपासून राखली आणि शेंगा धरल्या तेव्हा आकडी कुणालाच लावू दिली नाही.

मग एका चैत्रात मेंढरं पहिली माझ्या रानात वळली. किती वर्षं जीव टांगला होता या दिवसासाठी! मी पदर खोचून सामोरी गेले. म्हाताऱ्या मामानं वर पाहिलं आणि बायकोला हाक दिली, "अगं, हितंच उतरव समदं. आक्काच्या बाभळी आल्या."

"माझ्या हायेत त्या!" मी तोंडावर सांगितलं.

"व्हय, सूनबाई," मामा म्हणाला आणि त्यानं बाभळीला हात जोडले.

मेली तरी पहिला मान बाईचाच!