वीस जणांचा होकार

आधी चहा हातात घ्या. माझ्यावर हसताना तो सांडला तर मी जबाबदार नाही! आणि हसा खुशाल. नोकरी वाचली, म्हणून तर आज हे सांगायची हिंमत होतेय.

वळ गावातल्या एका गोदामात मी सुपरवायझर. हाताखाली पॅकिंगची वीस माणसं. एके दिवशी हेड ऑफिसचं फर्मान आलं, माझ्यासकट सगळ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण द्यायचंय. पण नाव नोंदवण्याआधी प्रत्येकाने आपल्या नंबरवर येणारा ओटीपी टाकायचा, संमतीचं पान वाचायचं आणि मग स्वतः 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

आता तुम्हीच सांगा, दारात तीन कंटेनर उभे असताना मी वीस जणांना वाचायला बसवू?

शिवाय आमच्याकडची पद्धतच तशी. हजेरी मी लावतो, सुट्टीचे अर्ज मी लिहितो, अर्ध्या लोकांचे पीएफचे फॉर्म माझ्याच अक्षरात आहेत. यांचं हो काय आणि नाही काय, ते मीच ठरवायचं, असा माझा समज. समज कसला, मस्तीच ती!

गोदामात फोन नेता येत नाही. कामावर येताना सगळे आपला फोन गेटवर यादवजी वॉचमनच्या ट्रेमध्ये ठेवतात. प्रत्येकाच्या मागे नावाची चिठ्ठी. मी लॅपटॉप घेऊन गेटवरच ठाण मांडलं. इकडे नंबर टाकला की तिकडे ट्रेमधला फोन टिंग करायचा आणि ओटीपी बंद स्क्रीनवरच दिसायचा. टाक ओटीपी, दाब हो, चल पुढचा!

यादवजी बघत होते. "साहब, इन लोगों से पूछा क्या?"

"पूछना क्या यादवजी? घर के लोग हैं!"

वीस झाली. एकविसावं, शेवटचं नाव माझं होतं, तेही उरकलं आणि चहा मागवला. काय तो रुबाब!

शिफ्ट सुटल्यावर आमच्या पॅकिंगमधल्या, राहनाळ गावच्या बेबीमावशी फोन डोळ्यांजवळ धरून आल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि नजर अशी की फाटका खोका लांबून ओळखतात. "दादा, ह्यो कसला नंबर आलाय?"

"काही नाही मावशी, कंपनीचा आहे."

दोन दिवसांनी हेड ऑफिसच्या प्रशिक्षणवाल्या मॅडमचा फोन आला. "वीस जणांची संमती इतक्या झटपट आली कशी? उद्या येते, प्रत्येकाशी बोलायचंय. खोटी निघाली, तर दुसऱ्यांच्या नावाने 'हो' दाबणारा घरी जाईल."

मुलगी दहावीला, आणि बाप घरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना गेटवरच गाठलं. "आज मॅडम येतील. काहीही विचारलं तरी फक्त 'हो' म्हणायचं. समजलं?"

"हो!" सगळे म्हणाले. तालीम झक्क झाली.

मॅडम आल्या. पॅकिंगच्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले.

"कोर्सला तुम्ही संमती दिलीत?"

"हो!"

"पान वाचलंत?"

"हो!"

मी निवांत झालो. छाती जरा पुढेही काढली असेन.

"कोणी जबरदस्ती केली का?"

"हो!!"

अरे देवा! हा 'हो' तर सगळ्यांत मोठा निघाला.

मॅडमनी चष्मा काढला. "संमतीची वेळ साडेअकराची आहे. तेव्हा तुमचे फोन कुठे होते?"

इथे हो म्हणून भागणार नव्हतं. बेबीमावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "ट्रेमदी. आनि कुठं असनार?"

संपलं! "मॅडम, मीच दाबलं सगळ्यांचं," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे.

मॅडमनी तिथल्या तिथे वीसही संमती रद्द केल्या, खोक्यावर बसल्या आणि ते पान मोठ्याने वाचायला लागल्या.

मावशींनी मध्येच विचारलं, "नापास झालो तं कामावरनं काढनार काय?"

"नाही. मध्येच सोडलं तरी चालेल. नाही म्हटलं तरी चालेल."

"मंग ह्ये आमाला आदी कोन बोललं न्हाय ते?"

मी जमिनीकडे बघत होतो. जमीन त्या दिवशी फार स्वच्छ झाडली होती.

सतरा जण हो म्हणाले, तिघे नाही. आपापल्या बोटाने! मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "स्वतःहून कबूल केलंत, म्हणून लेखी ताकिदीवर सोडते. नोकरी राहील."

राहील! अहो, छातीवरून भरलेला कंटेनर उतरला. मला तिथेच यादवजींच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तेवढ्यात मॅडम पुन्हा स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "एक नोंद मात्र त्या दिवशीचीही खरी दिसतेय. या माणसाने सात मिनिटं पान उघडं ठेवलं, शेवटपर्यंत वाचलं आणि 'नाही' दाबलं. कौतुक आहे! कोण हे?"

कोणीच पुढे येईना. मी तर अजिबात नाही.

मॅडमनी नोंद उघडून नाव वाचलं. माझं.

काय करणार? दर रविवारी सकाळी तास, वर परीक्षा, कोण बसणार तिथे? असा विचार करून मी... जाऊ द्या.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी आमचं न वाचता हो, आनि सोताचं वाचून न्हाय?"

मॅडमसकट अख्खं गोदाम हसत सुटलं.

आता आमच्या गेटवर या कधीतरी. ट्रेमधले वीसच्या वीस फोन पालथे ठेवलेले दिसतील. उताणा एकच. तो माझा.