निघण्याचे शब्द

"गेली वाटतं कोपऱ्यातल्या खोलीतली पोरगी," भाजी वाढता वाढता मेसच्या मावशी म्हणाल्या.

"गेली कुठली, सोडून गेली," माझी देवणीची रूममेट म्हणाली.

"मंग पळाली म्हन की सरळ. चादरबी इथंच ठिवली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. लातूरच्या त्या होस्टेलात आम्ही सगळ्याच मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या, आणि न हसणारीकडे लगेच लक्ष जायचं.

रूममेटला बारावीच्या इंग्रजीची धास्ती होती. मी नांदेडच्या इंग्लिश मीडियमची, म्हणून शंका माझ्याकडे यायच्या. त्या रात्री तिनं विचारलं, "लीव्ह अन् डिपार्ट एकच हाय की?"

मी सांगितलं, डिपार्ट बस करते, विमान करतं. घरात कुणी तसं बोलत नाही. लीव्ह करताना मागं काहीतरी राहतं, खोली, गाव, माणूस. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला लागणं, पुढं पोचायचं असतं. क्विट म्हणजे मध्येच सोडून देणं.

"मग कोपऱ्यातलीनं काय केलं?"

"क्विट."

इतकं पटकन बोलून गेले की मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठावंच लागलं. गेले कित्येक दिवस मलाही तेच करायचं होतं. टेस्टमागून टेस्ट मी खालच्या बॅचला सरकत होते. बाथरूममध्ये नळ सोडून मी 'आय वॉन्ट टू क्विट' असं इंग्रजीत म्हणून बघायचे. पप्पांसमोर ते कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

पप्पा रविवारी यायचे. पुरुषांना आत मनाई, म्हणून गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. त्या रविवारी मम्मीनं दिलेले धपाटे माझ्या हातात देत म्हणाले, "गल्लीत आत्तापासून डॉक्टरीणबाई म्हणून राहिलेत तुला."

"हं."

"अभ्यास?"

"चालू आहे."

मावशी जिन्याखाली धान्य निवडत होत्या. त्यांच्यासमोर कुणी 'जाते' म्हटलेलं चालायचं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी त्यांची बहीण 'जाते' म्हणून किल्लारीकडच्या आपल्या गावी गेली, ती परत आलीच नाही. आम्हा पोरींना त्या दारातून परत बोलवायच्या आणि 'येते' म्हणायला लावायच्या. पप्पांना सांगावं लागायचं नाही. आमच्या घरी तशीच रीत. निघणारा 'येऊ का?' विचारतो, बाकीचे 'या' म्हणतात. नाही कुणी म्हणतच नाही.

पप्पांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. चपला सरळ केल्या. नांदेडची बस गाठायची होती.

"येऊ का मग?"

मावशींनी सुपातून मान वर केली. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. 'या' ओठांवर आलाच होता. पप्पा तो ऐकायला थांबले होते, एक पाय गेटबाहेर ठेवून.

"नका जाऊ," मी म्हणाले. "मला नाही जमत इथं, पप्पा. मला घेऊन चला."