पाटीखालची काशीमामी

दिल्लीवाल्यांना खात्याची नावं बदलायची भारी हौस. नाव बदललं की उरणमध्ये आमच्या देवजीमामाला बोलावणं यायचं. बंदराजवळ केंद्राच्या परिवहन खात्याचं छोटंसं ऑफिस होतं, त्याची पत्र्याची पाटी रंगवायची ती मामानेच.

'नौवहन आणि परिवहन'चं 'जल-भूतल परिवहन' झालं, तेव्हा मामाचं नुकतंच लग्न झालेलं. अक्षरांच्या कडा मामाने आखल्या, आत रंग भरला काशीमामीने. मोरा बंदरातल्या होड्या रंगवणाऱ्या घरातली पोर ती. वाचता येत नव्हतं, पण रेघेबाहेर एक थेंब गेला नाही. पुढे काविळीने गेली बिचारी. वय तरी काय होतं हो तिचं! अजून आठवलं की जीव तुटतो.

खातं मग फुटलं, जोडलं, परत फुटलं. रस्ते एकीकडे, जहाजं दुसरीकडे. दर वेळी मामा जुना रंग न खरवडता त्याच्यावरच नवीन नाव लिहायचा. खरवडलं तर खारी हवा पत्रा खाते, अशी थाप साहेबलोकांना मारायचा. खरं कारण मला, त्याच्या भाचीला, ठाऊक होतं. तळाशी मामीचा हात होता. मूलबाळ नाही, एकुलता एक फोटो ओलीने गेलेला. तिचं म्हणून जगात राहिलं ते एवढंच.

परवा 'बंदरे, नौवहन आणि जलमार्ग' असं नवं नाव आलं. मामाचे हात आता थरथरतात, म्हणून डबे-ब्रश घेऊन मी सोबत गेले. नवे साहेब सज्जन माणूस. कौतुकाने म्हणाले, "मामा, या वयात तुम्हाला त्रास नको, म्हणून कालच ग्राइंडर मारून पाटी साफ करून घेतली."

पाटी कोरी करकरीत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाने माझा हात दाबला. साहेबांना म्हणाला, बरं केलंत. मग कडा आखल्या, रंगही स्वतःच भरला. रेघेबाहेर गेलेला रंग पुसता पुसता संध्याकाळ झाली.

घरी आल्यावर मी कुलूप काढलं, तर हा उंबऱ्याबाहेरच उभा. आत येईना.

"सोनल, आंघोळीला पानी काढ," म्हणाला. "काशीला पोचवून आलो."