एका टाकीपुरती दवा

त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग लडाखमधल्या एका चौकीवर होतं. मी ॲम्ब्युलन्स चालवायचो, लान्स नायक शिवलिंग ट्रक. दोघंही नळदुर्गचे. आमच्या घरांमध्ये हायवे तेवढा आडवा.

तिथल्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून टाकी भरतानाच, ऊन असताना, त्यात ॲडिटिव्ह ओतायचं. आम्ही त्याला दवा म्हणायचो. मेण धरल्यावर ओतून उपयोग नसतो. दवेनं डिझेल लवकर पेटायचं. नाहीतर इंजिन सुरू होताना न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबायचा. चढावर हवा विरळ, तिथं धूर काळा. त्यावर मात्र दवा नव्हती.

बर्फामुळं दवेचा नवा साठा आला नव्हता. अशात एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आजच खाली न्या, नाहीतर वाचणार नाही. खिंडीतून एकटी गाडी सोडायची नाही, असा नियम. म्हणून मागे शिवलिंगचा ट्रक ठरला. दवा एकाच टाकीपुरती होती. अर्धी-अर्धी घालू, असं मी म्हणालो.

"अर्ध्यानं दोन्ही गाड्या बसतेत. पुरी तुझ्यात ओत."

"आणि तू?"

"रॉकेल हाय की. नळदुर्गात आमी वराती नेल्यात रॉकेलवर."

हायवेवरच्या रिवाजाप्रमाणं त्यानं बुखारीचं, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीचं, रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं. चौकीच्या सुभेदार साहेबांनी पाहिलं. मानेनंच हो म्हणाले.

खिंडीत एका कड्याखाली, वरून बर्फ कोसळतं म्हणून, थांबायला मनाई होती. नेमका तिथंच आरशात त्याचा धूर तुटक झाला. पांढरा. मग बंद.

रेडिओवर त्याचा आवाज आला, "मेण धरलं. तू थांबू नको."

चौकीवरून साहेब बोलले, "ॲम्ब्युलन्स, चालत राहा."

मी म्हणालो, "रॉजर."

तो फिल्टर गरम करायला खाली उतरला होता. वरून बर्फ आलं. आमचा जवान वाचला.

आता नळदुर्गच्या हायवेवर ॲडिटिव्हच्या रंगीत बाटल्या विकतात. मायलेज दुप्पट, धूर गायब. मी दुकानदारांशी भांडतो. नोझल खराब, एअर फिल्टर तुंबलेला, तर धूर निघणारच, आणि तो रस्त्याकाठच्या लेकरांच्या छातीत जाणार. ॲडिटिव्हचं काम ठरलेलं असतं आणि मापही. त्या मापासाठी माझा माणूस गेला. त्यावर खोटं विकू देणार नाही.

थंडीत सकाळी एखादा ट्रक पांढरा धूर सोडत सुरू होतो. मी उभा राहतो. ट्रक निघून जातो, तरी उभाच.

शिवलिंगच्या आईला मी अव्वा म्हणतो. बरीच वर्षं तिनं काही विचारलं नाही. यंदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "थांबला न्हाईस, ते बरं केलंस. पर मागं बघितलंस का रं?"

"आरशात बघत होतो, अव्वा."

"दिसत हुता?"

"वळणापर्यंत दिसत होता."