पुढचं चाक थोरल्याचं

रेवदंड्याहून आत वळलं की भातखाचरांच्या मधोमध एक लहानसं गाव लागतं. तिथं रावजी राहतो. नागोठण्याकडच्या एका कंपनीत त्यानं फिटर म्हणून जन्म काढला, रिटायर झाला, आणि आता गावात आपल्याइतका शहाणा कोणी नाही यावर त्याचं एकट्याचं एकमत आहे. धाकटा भाऊ चांगदेव गावातच राहिला. त्यानं शेती केली, कोंबड्या पाळल्या. त्याचंही तसंच एकमत आहे, फक्त स्वतःबद्दल.

बाप गेल्यावर दोघांची वाटणी झाली ती इतकी चोख की चार गावांनी नाव काढावं. घराच्या मधोमध भिंत. विहीर पाळीनं, सकाळी थोरला, दुपारी धाकटा. परसातल्या फणसाच्या उगवतीकडच्या फांद्या रावजीच्या, मावळतीकडच्या चांगदेवच्या. एकदा वाऱ्यानं एक फणस नेमका बुंध्याशी पडला, त्यात मात्र अख्खा उन्हाळा गेला. फणस कुणीच खाल्ला नाही. गाईनं खाल्ला.

एवढी चोख वाटणी झाल्यावर दोघांनी मिळून मोटरसायकल का घेतली, हे विचारण्यासारखं आहे. त्याला कारण नीराबाई, रावजीची बायको. लग्नानंतर ती शेतात आणि चुलीपाशी जी अडकली ती अडकलीच. आगरदांड्याच्या पलीकडे, खाडीपार, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आहे हे तिनं ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. "रिटायर झालो का तुला गाडीवरून समदा किनारा दावतो," असं रावजी तिला नोकरीला लागल्यापासून सांगत होता. रिटायर झाला त्याच साली अलिबागला बंगला बांधलेला एक मुंबईकर आपली लांबच्या प्रवासाची मोटरसायकल विकायला निघाला. मोठी टाकी, पुढे वारा अडवायची काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. किंमत एकट्याला झेपेना म्हणून रावजीनं भावाला भागीत घेतलं.

आणि भागी म्हटली की वाटणी आलीच. देवळाच्या ओट्यावर चार जाणत्यांच्या देखत पानसुपारी ठेवून ठरलं: इंजिन, टाकी, सीट सामाईक. पुढचं चाक, ब्रेक आणि दिवा थोरल्याचा. मागचं चाक आणि चेन धाकट्याची. ज्याचं चाक त्यानं बघायचं. गाडी आठवडाभर याच्या दारात, आठवडाभर त्याच्या.

म्हातारी बायजाबाई ओट्याखालून म्हणाली, "आन् गाडी पडली तं ती कोनाची?"

जाणत्यांनी सुपारी चघळली.

टायर गुळगुळीत झाले तेव्हा दोघांनी आपापल्या आठवड्यात आपापलं चाक काढलं. रावजी पुढचं चाक टेंपोत घालून अलिबागला गेला आणि रेडियल टायर बसवून आला. रेडियलचे आतले पदर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेलेले असतात. बाजू मऊ, रस्ता धरून चालतो. कंपनीत साहेबाच्या गाडीला रेडियल होते, म्हणजे विषय संपला. चांगदेवनं मागचं चाक रिक्षात टाकून रेवदंड्याच्या नाक्यावर सुजितच्या दुकानात नेलं आणि नायलॉनचा घेतला. त्याचे पदर तिरके, एकावर एक फुली मारलेले. बाजू टणक, खाद्याची पोती लादली तरी दबत नाही. चांगदेवला पोती न्यायची असतात, म्हणजे तोही विषय संपला. दोघंही आपापल्या चाकापुरते बरोबर होते. दुकानदारांना गाडी कुणीच दाखवली नाही. डॉक्टरकडे नुसता पाय पाठवावा तसा प्रकार.

नीराबाई नवी साडी नेसून मागे बसली. सरळ रस्त्यावर सगळं झकास. चौलच्या वळणावर गाडीनं पुढून एक विचार केला आणि मागून दुसरा.

"अवो," नीराबाई पाठीत बोट खुपसून म्हणाली, "ही गाडी चालते का लाजते?"

"नव्या टायरला असं व्हतं."

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा लाजली. नीराबाई उतरली आणि पदर खोचून पायी घरी आली. दारात तिनं सांगून टाकलं, "हिचं डुलनं थांबवा, मग बसते. आन् पाडव्याच्या आत थांबवा. पाडव्यानंतर आपली लेक शिवानी बाळंतपनाला येनार. मग पोर रांगायला लागंपर्यंत मी उंबऱ्याभायेर न्हाय."

रावजी गाडी घेऊन सुजितकडे गेला. सुजितनं दोन्ही टायर बघितले आणि कमरेवर हात ठेवले.

"काका, पुढं रेडियल आन् मागं नायलॉन? कोनी सांगितलं?"

"पुढचं मी सांगितलं. मागचं मला इचारू नको, ते माजं न्हाय."

"अहो, वळणाला पुढचा एका चालीनं कलतो, मागचा दुसऱ्या. म्हणून डुलते. उलटं असतं, मागं रेडियल आन् पुढं साधा, तर एक वेळ निभावलं असतं. तुम्ही नेमकं नको ते केलंय. दोन्ही एका तऱ्हेचे टाका."

"मग हे दोन अदलाबदल कर."

"मापं वेगळी, काका. पुढचा बारीक, मागचा जाड. तुमच्या भावालाच सांगा बदलायला."

रावजी घरी आला तो एवढंच घेऊन की मागच्या चाकात खोट आहे. चांगदेवनं भिंतीपलीकडून ऐकवलं, "माजं चाक सरळ चालतंय. पुढचं हालतंय, ते ज्याचं त्यानं बघावं." मग शिमगा आला, होळी पेटली, विझली. नीराबाईनं घडी केलेली साडी पिशवीत होती तशीच होती, आणि पिशवी दाराच्या खुंटीला. येता-जाता रावजीचं डोकं तिला लागायचं.

शेवटी पाडवा अगदी तोंडावर आला तेव्हा रावजीनं जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. एका दुपारी, म्हणजे चांगदेवच्या पाळीला, तो विहिरीवर गेला. चांगदेव पाणी शेंदत होता.

"चांग्या, तुजा टायर कंच्या कंपनीचा? मी पुढं तसलाच घालतो."

चांगदेवच्या हातातला दोर सुटला. कळशी खाली जाऊन आपटली. इतकी वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता, आणि आता ते आल्यावर त्याला अगदीच ओशाळल्यासारखं झालं.

"दादा, तू कशाला? तू थोरला. मी मागं रेडियल घालतो."

"तुला पोती न्यायची असतात."

"पोती टेंपोनं नेईन."

"मी म्हनतो ना, मी बदलतो!"

"म्हंजे गावात सांगशील, धाकट्यानं ऐकलं न्हाय म्हनून मला बदलावा लागला!"

"आन् तू बदललास तर तू काय सांगशील? थोरला हट्टी, मीच शानपना केला!"

हळूहळू आवाज चढले. जे दोन भाऊ जन्मभर माघार घेत नव्हते ते आता माघार कुणी घ्यायची यावरून एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिले. चांगदेवची बायको हेमांगी धावत आली, तिनं दोघांच्या मध्ये बादली ठेवली. बायजाबाई कुंपणाशी येऊन बसली आणि तिनं मिश्री काढली. चार जाणत्यांना बोलवायचं ठरलं. जाणते म्हणाले, उद्या सकाळी बसू.

सकाळी जाणते बसले. चहा झाला, दोन्ही बाजू ऐकून झाल्या, आणि टायर बदलण्याचा मान थोरल्याचा की धाकट्याचा यावर जाणत्यांतही दोन तट पडले. तेवढ्यात नीराबाईनं खुंटीची पिशवी काढली, साडी नेसली आणि ओट्यासमोरून चालू लागली.

"अगो, कुटं?" रावजी उठला.

"दिघीला. मुरूडची यष्टी येल आता."

"एकलीच?"

"तुमचं बसू द्या अजून. च्या पन सांगा परत."

रावजीनं गाडी काढली. आठवडा चांगदेवचा होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि चांगदेवनं तो विषय काढला नाही. मुरूडपर्यंत यष्टी पुढे आणि रावजी मागे. प्रत्येक वळणावर गाडी डुलायची, आणि मागच्या खिडकीतून नीराबाई मान वळवून बघायची, आहे का पडला. मुरूडला तिनं उतरून आगरदांड्याची रिक्षा धरली. रावजी रिक्षाच्या मागे.

जेट्टीवर दोघं भेटली. फेरीबोट लागली, रिक्षा-टेंपोंच्या मधून रावजीनं गाडी चढवली, स्टँड लावला आणि हँडल धरून उभा राहिला. दुसरी बसायची जागा नव्हती. नीराबाईनं एकदा गाडीकडे बघितलं, वाकून चाकांकडे बघितलं, मग पदर खोचला आणि मागच्या सीटवर चढून बसली.

"आता कशी बसलीस?"

"हितं तुमची चाकं फिरत न्हाईत. बसा पुढं."

रावजी पुढे बसला. बोट सुटली आणि खाडीच्या मध्यावर लाटेनं जरा हलली. नीराबाईनं त्याचा खांदा धरला. समोर दिघीचा धक्का हळूहळू मोठा होत होता. तिथून दिवेआगरपर्यंत सगळी वळणंच आहेत, हे रावजीला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं नाही.